गुरुवारचा चार्ट

बंगळूर, २४ मार्च १९९४

चि. विठू,

अक्काचे आशीर्वाद. घ्यायचे की नाहीत ते तू ठरव, मी आपले पाठवून ठेवते.

हे पत्र तुला पुढच्या जानेवारीत मिळेल. गोव्याहून जहाज डिसेंबरात निघणार आणि तोवर तुम्हाला टपाल नाही, असं तुमच्या दक्षिण ध्रुवाकडच्या मोहिमेच्या ऑफिसातून समजलं. म्हणजे आज मी भांडण लिहिलं तर उत्तर यायला वर्ष लागणार. आपल्या दोघांच्या मानानं हे फार नाही. मागच्या वेळी सहा वर्षं लागली होती.

रविवारी रेडिओवर बोलतो ते मी बोलणं धरत नाही. जयनगरला रघुपतींच्या त्या हॅम रेडिओच्या खोलीत माझ्या पाठीमागे त्यांचे दोन मित्र कॉफी पीत बसलेले, तुझ्या पाठीमागे तुमचं अख्खं स्टेशन, आणि मधल्या समुद्रावर आणखी कोण कान लावून असेल ते देव जाणे. तिथे काय बोलणार? हवा कशी, जेवण कसं, आणि आपलं झालं की 'ओव्हर', म्हणजे आता तुझी पाळी. आईला मात्र त्या 'ओव्हर'चं भारी कौतुक. तिकडे तिचा एकच प्रश्न, "जेवलास का रे? ओव्हर." परवा घरीसुद्धा मला म्हणाली, "भात लावलाय, ओव्हर."

मी ऑफिसात काय करते ते तू कधी विचारलं नाहीस, तेव्हा न विचारता सांगते. आमच्याकडे उपग्रहातून तुमच्या समुद्राची रडारची चित्रं येतात. तिकडे आता अंधार पडेल, पण रडारला अंधारातही दिसतं. परदेशातून बर्फाचे तयार चार्ट येतात, ते शेजारी ठेवायचे आणि आपल्या चित्रातला कुठला करडा रंग म्हणजे काय ते ओळखायचं: इथे मोकळं पाणी, इथे नवा बर्फ, इथे ह्या वर्षीचा, इथे जुना. मग ट्रेसिंग पेपरवर रेघा मारायच्या आणि प्रत्येक पट्ट्यात एक लंबगोल काढून त्यात आकडे भरायचे, दहापैकी किती भाग बर्फ आहे त्याचे. पंचवीस वर्षांपूर्वी ट्रेसर म्हणून, नकाशे गिरवायला, लागले होते, तो हात आता कामी येतोय. दर गुरुवारी हा चार्ट तुमच्या स्टेशनला फॅक्स होतो. तो भिंतीला लावायचं काम तुझ्याकडे आहे असं तू रविवारी म्हणालास, तेव्हा मी मनातल्या मनात सगळे आकडे पुन्हा तपासले.

चार्टच्या तळाशी एक छोटा त्रिकोण असतो. ते तुमचं स्टेशन. गुरुवारी मी चार्टची एक प्रत घरी आणते आणि आई त्या त्रिकोणावर बोट ठेवून विचारते, "बर्फ कुठवर आला?" नमुन्याच्या पुस्तकात नव्या बर्फाच्या गोल चकत्यांचा फोटो आहे. तो बघून म्हणाली, "हे तर सेट दोसे!" आता आमच्या घरात त्या बर्फाला सेट दोसेच म्हणतात.

निघताना दारात तू जे म्हणालास ते विसरलेले नाही. "अक्का, आता वर्षभर मला येता येणार नाही. आई गेली तर गेली म्हण. अण्णांच्या वेळी केलंस तसं करू नकोस." मी हो म्हटलं.

अण्णांच्या वेळी तू फौजेच्या युनिटबरोबर लेहला होतास. मी तार केली, वडील अत्यवस्थ, लगेच निघ. अण्णांना जाऊन तेव्हा एक दिवस झाला होता. एवढा लांबचा प्रवास तू रडत करू नयेस, एवढंच मनात होतं. पाचव्या दिवशी तू आलास, हातात त्यांच्यासाठी जर्दाळूंची पिशवी, आणि समोर हार घातलेला फोटो. ती पिशवी तू ज्या तऱ्हेनं खाली ठेवलीस ते मला अजून दिसतं. त्यानंतर तुझी पत्रं आईच्या नावानं आली, माझ्या नावानं एकही नाही.

तुझी,
अक्का


बंगळूर, १९ मे १९९४

चि. विठू,

आई आता रविवारी येत नाही. रेडिओवर मी गुडघ्याचं सांगितलं, तेही खरंच आहे, पण तिला दमही लागतो. शिवाजीनगरच्या स्टँडवर बस पकडायची, जयनगरला उतरायचं, वर रघुपतींचा जिना, हे तिला झेपत नाही. डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात. हृदय थोडं मोठं झालंय म्हणाले. "मग त्यात वाईट काय?" असं ह्या बाईनं डॉक्टरांना विचारलं.

ती घरून निरोप देते आणि मी तिच्या आवाजात तुला सांगते. तू हसतोस. माझ्या बोलण्यावर तू हसलास त्याला किती वर्षं झाली असतील?

बर्फ आता तुमच्यापासून फार दूरवर पसरत गेलाय. दर गुरुवारी रेघ उत्तरेला सरकते. आईला वाटतं की रेघ सरकते म्हणजे तू लांब जातोस. तसं नसतं गं, तो त्रिकोण जागच्या जागीच आहे, असं सांगितलं तर म्हणाली, "मग घरी यायला वाट कुठे उरली?" चार्टमध्ये मी आपली दहापैकी दहा, दहापैकी दहा, असंच भरत चालले आहे.

ऑफिसात तशी सगळी बरी माणसं आहेत. माझ्याबरोबर चार्ट बघणारे शेषगिरी पुढच्या वर्षी निवृत्त होतील, मग त्या खोलीत मी एकटी. डबा एकटी खाते त्याची सवय आहे, पण चित्रात काही नवं दिसलं तर "हे बघा" म्हणायला कोणीतरी लागतं.

अक्का


बंगळूर, २० जून १९९४

चि. विठू,

मधले दोन गुरुवार मी ऑफिसला नव्हते. ताप होता. चार्ट शेषगिरींनी काढून पाठवले, मिळाले असतील. आज कामावर आले.

रविवारी मी रघुपतींच्या व्हरांड्यात उभी राहून बोलले, कारण आत उकडत होतं. आवाज वेगळा आला असेल तर तो त्यामुळे.

आई बरी आहे. घर सगळं आवरून ठेवलंय.

अक्का


बंगळूर, ३१ जुलै १९९४

चि. विठू,

आज रविवार, दुपारचे बारा. रघुपतींकडून आत्ताच आले, चपलासुद्धा काढल्या नाहीत.

मला ताप नव्हता. जूनमध्ये बंगळुरात कुणाला उकडत नाही. आई ७ जूनला गेली.

मंगळवार होता. ती भिंतीशी बसून घेवड्याच्या शेंगा सोलत होती आणि मी ऑफिसला निघाले होते. म्हणाली, "आज चार्ट आण गं. विठूचा बर्फ कुठवर आला बघू." मी चपला घालता घालता म्हटलं, "आई, आज मंगळवार. चार्ट गुरुवारी असतो." उत्तर आलं नाही म्हणून वळून पाहिलं तर ती भिंतीला टेकली होती. आईशी मी शेवटचं बोलले ते वार दुरुस्त करायला. आणला असता एखादा जुना चार्ट, तिला काय कळणार होतं!

अग्नी काकांच्या उल्हासनं दिला. तेरा दिवस मी घरात होते. पण बारा तारखेला रविवार आला. मी गेले नसते तर तुला शंका आली असती. सुतकात कुणाच्या घरात जाऊ नये म्हणून मी खालूनच रघुपतींना हाक मारली आणि खरं ते सांगितलं. ते कठड्याशी आले. मग म्हणाले, "स्वल्प थांबा, अक्का," आणि माइकची वायर लांबवून व्हरांड्यात आणली. मी जिना चढून दाराबाहेर उभी. आतून तुझा आवाज आला, "अक्का, आई कशी आहे? ओव्हर."

मी म्हटलं, "बरी आहे. ओव्हर."

रघुपतींनी माइक परत घेतला, माझ्याकडे न बघता. तेव्हापासून आज आठवा रविवार. तू दर रविवारी तेच विचारतोस आणि मी तेच सांगते. ती का येत नाही, तिला बोलायला आण, असं तू एकदाही म्हणत नाहीस. माझं नशीब.

मोहिमेच्या ऑफिसला मी फोन केला होता. ते म्हणाले की हिवाळ्यात माणसाला तिथून हलवता येत नाही, म्हणून वाईट बातमी देऊ नये असा त्यांचा सल्ला असतो, पण निर्णय घरच्यांचा. लोकांना मी हाच सल्ला सांगते. मान डोलावतात सगळे.

तुला खरं सांगते, कारण हा कागद जानेवारीपर्यंत कुठे जाणार नाही. तुझ्या भल्यासाठी मी गप्प नाही. सांगितलं तर तू "ओव्हर" म्हणशील आणि पुढच्या रविवारी यायचा नाहीस. मग माझ्याकडे कोण? आई गेली, रविवार गेला की ह्या घरात मी आणि एक भाताचं भांडं. मी दर रविवारी खोटं बोलून पुढचा रविवार मिळवते.

अण्णांच्या वेळी निदान मला तुझी काळजी होती. ह्या वेळी तेवढंही नाही.

अक्का


बंगळूर, २९ सप्टेंबर १९९४

चि. विठू,

आज माझी चूक निघाली, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला भर ऑफिसात रडू आलं.

तुमच्या किनाऱ्यापासून थोडं वर, बर्फाच्या मध्ये, एक काळा डाग होता. मी त्याला मोकळं पाणी म्हटलं. रडारच्या चित्रात शांत पाणी काळं दिसतं, पण नवा गुळगुळीत बर्फही काळाच दिसतो. दोन्हींत फरक करणं हेच तर आमचं काम. शेषगिरींनी चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, "राजलक्ष्मी, त्या दिवशी वारा किती होता?"

तुमच्याच स्टेशनच्या हवामानाच्या पत्रकात पाहिलं. चाळीस नॉट.

"एवढ्या वाऱ्यात पाणी असतं तर लाटा उठल्या असत्या, चित्रात उजळ आलं असतं. हे बघा किती गप्प आहे. म्हणजे वर बर्फ धरलाय."

मी खोडायला रबर उचललं. ते म्हणाले, "चूक होते, त्याचं काही नाही. पण नक्की ठाऊक नसलं तर प्रश्नचिन्ह टाका, अम्मा. पाणी टाकू नका. कॅप्टन प्रश्नचिन्हाशी थांबतो. पाण्यात तो जहाज घालतो."

ते चार्टबद्दलच बोलत होते, त्यांना बाकी काही सुचवायचं नव्हतं. पण मी बाथरूममध्ये जाऊन रडले. विठू, मी तुला जूनपासून मोकळं पाणी दाखवते आहे. ही पत्रं पाठवायचा धीर झाला नाही तर तू मार्चमध्ये हसत घरी येशील, आईसाठी काहीतरी घेऊन येशील, आणि दारात उभा राहशील. पुन्हा तोच फोटो, तोच हार. ह्या वेळी तुझ्या हातात काय असेल ह्याचा मी विचार करत बसते.

येत्या रविवारी सांगणार आहे. कोण ऐकेल ते ऐको.

अक्का


बंगळूर, १ डिसेंबर १९९४

चि. विठू,

नाही सांगितलं.

दोन ऑक्टोबरला मी वाक्य पाठ करून गेले होते. बसमध्ये ओठ हलत होते माझे, शेजारची बाई मंत्र समजली असेल. पण त्या दिवशी तुझा आवाजच लागला नाही, नुसती खरखर. रघुपतींनी तासभर बटणं फिरवली. मी "सरी, असू दे" म्हणून उठले, आणि मला सुटल्यासारखं वाटलं, हे लिहायलाही लाज वाटते. पुढच्या रविवारी आवाज स्वच्छ होता. तू विचारलंस. मी म्हटलं, "बरी आहे. ओव्हर." त्यानंतरही तसंच.

रघुपती एकदा जिन्यापर्यंत आले. म्हणाले, "अक्का, तुम्ही म्हणाल तर मी आणि मित्र बाहेर जाऊन बसतो." मी म्हटलं, तुमची अडचण नाही हो. खरंच त्यांची नव्हती.

तेव्हा आता ही सगळी पत्रं एका पाकिटात घालून मुरगावला पाठवते आहे. काहीही काढून टाकलेलं नाही, तापाचं पत्रसुद्धा ठेवलंय. उद्या पाकीट गेलं की माझ्या हातात काही उरणार नाही. टपाल तुझ्या हाती पडेपर्यंत सात-आठ रविवार आहेत, त्यात मी काय बोलेन ते मला माहीत आहे, आणि आता तुलाही कळेल.

बर्फ मोडायला लागलाय. आज सात लिहिलं, दहापैकी सात, आणि वरच्या कडेला तर चारच. जहाजाला वाट मिळेल. जानेवारीत कधीतरी हेलिकॉप्टर तुमच्याकडे टपालाची पिशवी उतरवेल, आणि तू वाचशील. त्यानंतर तू माझ्याशी बोलणार नाहीस असं मी धरून चालले आहे. बोलू नकोस. पण मार्चमध्ये परस्पर युनिटला जाऊ नकोस. एकदा घरी ये. आईची खोली तुझी आहे, मी त्यात काही हलवलेलं नाही. तिच्या उशीखाली सव्वीस चार्टची चळत निघाली. मी प्रत आणायची आणि ती घडी करून ठेवायची. सगळ्यांवर तो त्रिकोण बोटानं पुसट झालाय.

मी चुकले, विठू. दोन्ही वेळा.

तुझी,
अक्का


फॅक्स
२ फेब्रुवारी १९९५, गुरुवार
राजलक्ष्मी मॅडम, चार्ट विभाग, यांना द्यावा. एकूण पानं तीन.

अक्का,

पिशवी सोमवारी आली. तुझं पाकीट मी इथल्या गॅरेजमध्ये, माझ्या कामाच्या जागी, बसून वाचलं. आमचे स्टेशनप्रमुख डॉक्टर आहेत, त्यांच्या परवानगीनं हा फॅक्स पाठवतोय. तुझ्या ऑफिसात मराठी कुणाला फारशी येत नाही हे बरं आहे.

पुढची दोन पानं बघ. जूनचे दोन चार्ट, ९ आणि १६ तारखेचे. मी ते भिंतीवरून काढून माझ्याकडे ठेवले होते. आकडे तुझे नाहीत. तू इंग्रजी सातच्या पोटात आडवी रेघ मारतेस, अण्णा त्यांच्या गॅरेजच्या बिलावर मारायचे तशी. ह्या दोन्हींवर सात साधा आहे.

पहिला आला तेव्हा वाटलं तुला ताप असेल. दुसरा आला तेव्हा हातातला पाना खाली ठेवला. तू तापात ऑफिसला जाणारी बाई. लागोपाठ दोन गुरुवार तू फक्त अण्णा गेले तेव्हा घरी होतीस, तेरा दिवस. तेवीस तारखेला तिसरा चार्ट आला, त्यात रेघवाला सात होता. तेरा दिवस झाले होते. त्या दिवशी मी डोक्यावरचे केस उतरवले. बाहेर उणे तीस. सगळ्यांनी विचारलं, तर पैज हरलो म्हणालो. तळ्यावर पाण्यासाठी रोज बर्फाला भोक पाडतो, तिथेच आईला ओंजळभर पाणी दिलं. ते बोटांवरच गोठायला लागलं.

तेव्हा मला ठाऊक होतं. त्यानंतर दर रविवारी "आई कशी आहे" म्हणून विचारलं ते बातमीसाठी विचारलं नाही. तू सांगावंस म्हणून विचारलं. आवाज लागला नाही ते रविवार सोडले तर एकोणीस वेळा. प्रत्येक वेळी तू "बरी आहे" म्हणालीस आणि मी बाहेर येऊन कुठल्या तरी इंजिनाला शिव्या घातल्या.

तू लिहिलंस की मी बोलणं टाकेन अशी तुला भीती होती. टाकलं असतं. खोटं कशाला बोलू? जुलैत तर एका रविवारी जायचंच नाही असं ठरवून खाटेवर पडून राहिलो. मग वेळ झाली आणि उठून गेलो. आई नव्हती, हे ठाऊक होतं. तुझ्याच आवाजासाठी गेलो. इथे दोन महिने अंधार असतो, अक्का, आणि घरून माझ्याशी बोलणारं माणूस म्हणून तू एकटीच होतीस.

माफ केलं असं फॅक्सवर लिहिता येत नाही. झालंय की नाही तेही मला नीट माहीत नाही. शेषगिरी म्हणतात तसं, तिथे प्रश्नचिन्ह टाक.

जहाज मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात मुरगावला लागेल. तिथून बसनं येतो. सकाळी शिवाजीनगरला उतरेन. घरी राहा, त्या दिवशी ऑफिसला जाऊ नकोस, गुरुवार असला तरी. हातात काही आणणार नाही. दारातून आत येण्याआधी मी तुला विचारणार आहे, आई कशी आहे. ह्या वेळी तोंडानं सांग.

विठू

ओव्हर.